आक्का, तासगावची जमीन आणि मी. काय बोलू तिच्याशी?

बागेतला_धाकटा

नमस्कार मंडळी. एरवी मी द्राक्षाच्या आणि जुन्या गाड्यांच्या धाग्यांवर असतो, आज वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आता ४६. दिलीय जयसिंगपूरला. पोट फुगायला लागलं तेव्हा गॅस झालाय, पाळी जायचं वय आहे, असं म्हणत बरेच महिने गेले. शेवटी मिरजेत सोनोग्राफी केली तर अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, दर तीन आठवड्यांनी केमो झाले, केस गेले, परत आले. मधे वर्षभर चांगली होती. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मुद्दाम डोक्यावरचा पदर काढून फिरली, नवे कुरळे केस दाखवत. मार्चमध्ये सीए-१२५, म्हणजे रक्तातली या कॅन्सरची खूण, पुन्हा चढलं. औषध बदललं, उपयोग झाला नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी दाजींना आणि मला आत बोलावलं. म्हणाले, आता केमोने त्रास तेवढा होईल, घरी न्या, दुखणं आटोक्यात ठेवू. दाजींनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, दिवाळीचं काही बोलू नका.

आक्काला हे सांगायचं नाही असं दाजींनी आणि तिच्या सासूबाईंनी ठरवलंय. 'पोटात इन्फेक्शन आहे, पाणी काढलं की उतरेल' असं चाललंय. शिवाय नणंदेने कुठल्या तरी वैद्याचा काढा आणलाय, त्याच्या पथ्यात मीठ बंद. माझी बहीण, जिला भाकरीबरोबर खरडा लागायचा, ती अळणी पेज खातेय आणि कुणाला काही म्हणत नाही.

आता खरी अडचण. वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर आई, आक्का आणि मी अशी तिघांची नावं लागली. साडेतीन एकर, त्यातली दोन एकर बाग. हक्कसोड, म्हणजे बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचा कागद, करून घ्यावं असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. आता आक्काचं कळल्यापासून चुलत्याचा दर दोन दिवसांनी फोन: "सही घिऊन ठेव बाबा, न्हाईतर उद्या जावयाच्या नि पोरांच्या मागं पळावं लागंल." मी चाकणला कंपनीत आहे, शनिवारी रात्री निघून रविवारी आक्काकडे जातो. तिकडे दाजींचे थोरले भाऊ दारातच विचारतात, "काय पाव्हणं, लई फेऱ्या व्हायला लागल्या?" फेऱ्या म्हणजे काय ते मला कळतं आणि मला कळलंय हे त्यांनाही कळतं. त्यामुळे आईकडे न्यायचं बोलायचं धाडस होत नाही. आईला गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही, ती तिकडे तासगावात बसून वाट बघते. आक्काला यंदा तासगावच्या गणपतीचा ऋषिपंचमीचा रथ बघायचाय, दोनदा म्हणाली. तासाभराचं अंतर आहे हो. पण मी 'नेतो' म्हटलं की त्या घराला ऐकू येणार 'दुय्यम निबंधकांकडे नेतो'.

गेल्या रविवारी दुपारी सगळे निजले होते. मी तिच्या पायांना तेल लावत होतो. पाय सुजलेत, दाबलं की खड्डा राहतो. हात मात्र इतके वाळलेत की बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, म्हणून तिने त्यांना लाल दोरा गुंडाळून मनगटाला बांधून टाकलंय. छताकडे बघत मला म्हणाली, "कागद आणला असशील तर काढ. हात अजून चालतोय."

मला काही बोलता आलं नाही. तेलाची वाटी आत ठेवायला गेलो आणि तिकडेच उभा राहिलो.

आता मला सांगा. येत्या रविवारी तिच्यासमोर बसून काय बोलू? तिने आजाराचं विचारलं तर खरं सांगायचा मला हक्क आहे का? नवरा 'नाही' म्हणतोय, आणि मी शेवटी भाऊ. सगळे आईला विचारतात, दाजींना विचारतात, पोरांना जवळ घेतात. मला विचारतात ते पैशाचं आणि सहीचं.

---

निवृत्त_सिस्टर

बाळा, तुझं सगळं वाचलं. मी बरीच वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात आणि नंतर घरी जाऊन सेवा देणाऱ्या पथकात काढली. आधी कामाचं सांगते, मनाचं नंतर.

मीठ सुरू करा. आजच. ज्या बाईला दोन घास जातात तिला ते दोन घास आवडीचे मिळाले पाहिजेत. खरडा झेपणार नाही कदाचित, पण ताकात मीठ-जिरं घाल, लिंबाचं लोणचं जिभेला लाव. आणि जेव्हा ती 'नको' म्हणेल तेव्हा कुणी भरवत बसू नये. या टप्प्याला खाणं कमी होतं म्हणून माणूस जात नाही, शरीर आवरतं घेत असतं म्हणून खाणं कमी होतं. 'अशक्तपणा आलाय, सलाईन लावा' म्हणून घरचे मागे लागतात, पण पाणी शरीरात मावत नाही, पायांत, पोटात, छातीत साठतं आणि धाप वाढते.

पोटातलं पाणी काढल्यावर किती दिवसांत परत भरतंय ते लिहून ठेवा. लवकर लवकर भरत असेल तर डॉक्टरांना विचारा की बारीक नळी आतच ठेवता येईल का, म्हणजे दरवेळी टोचायला नको.

दुखण्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. विचार तिला. 'दुखतंय का' असं विचारलंस तर ती 'नाही' म्हणणार, आपल्या बायका म्हणतातच. 'रात्री कितीला जाग येते' असं विचार. मॉर्फिनच्या गोळीचं नाव निघालं की घरात रडारड होते, म्हणजे आता संपलंच, किंवा व्यसन लागेल. दोन्ही खरं नाही. साधी गोळी चार-चार तासांनी घड्याळ बघून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. बरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच. फक्त अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये आतडं अडकू शकतं. उलट्या होतायत, पोटात मुरडा येतोय आणि वाराही सरत नाही असं झालं तर जुलाबाचं काहीही न देता आधी डॉक्टरांना फोन. ही गोळी प्रत्येक दुकानात मिळत नाही, मान्यता असलेल्या रुग्णालयातून घ्यावी लागते. २०१४ साली कायदा बदलून ते सोपं झालंय, तरी फिरावं लागतं. ते फिरणं तू कर, ते भावाचं काम.

तुम्हाला घरी झेपेनासं झालं तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं कॅन्सर रुग्णांच्या शुश्रूषेचं केंद्र आहे, १९९७ पासून. राहणं, औषध, जेवण फुकट, जवळचं एक माणूस बरोबर राहू शकतं. काही दिवस राहून दुखणं बसवून घरी परत आणता येतं, तिथे गेलं म्हणजे परत येत नाही असं काही नाही.

आता खरं सांगायचं. तू सांगू नकोस, विचार. ती म्हणाली 'मला काय झालंय', तर तू म्हण, 'तुला काय वाटतंय आक्का?' आणि मग गप्प बस. खूप वेळ गप्प बस. माझ्या अनुभवात पेशंटला जवळजवळ नेहमी ठाऊक असतं. 'हात अजून चालतोय' हे ज्या बाईने म्हटलं तिला इन्फेक्शन झालंय असं वाटत नाहीये, रे.

---

कोर्टाची_पायरी

सिस्टरांनी सगळं चांगलं लिहिलंय, मी फक्त कागदाचं बोलतो. कोल्हापूरला वकिली करतो.

आक्काच्या पश्चात तिचा हिस्सा कुणाला, यावर चुलत्यांचा गैरसमज दिसतो. वडिलांकडून आलेली जमीन माहेरी परत जाते, हे फक्त तिला मूलबाळ (किंवा आधी गेलेल्या मुलाची मुलं) नसेल तर. तिला मुलं आहेत. म्हणजे नवरा आणि मुलं, सारख्या वाट्याने. हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम १५. त्यात कुणी कुणाच्या मागं पळायचा प्रश्न नाही, तलाठ्याकडे वारस नोंद होते.

हक्कसोड नोंदवावंच लागतं. आजारी माणसासाठी निबंधक घरीही येऊ शकतात. पण मॉर्फिन चालू असलेल्या बाईची शेवटच्या आठवड्यांतली सही किंवा अंगठा, हा खटल्याचा माल असतो. तुमच्या भाचरांनी मोठं होऊन 'मामाने आईकडून लिहून घेतलं' असं म्हटलं, तर तेव्हा तुमच्या बाजूने साक्ष द्यायला आक्का नसेल.

तिला स्वतःला काही द्यायचं असेल, दागिने मुलीला वगैरे, तर मृत्युपत्र साध्या कागदावर होतं. स्टँप नको, नोंदणी सक्तीची नाही. तिने दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्यांनी तिच्यासमोर. साक्षीला ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत, आणि कृपा करून तुम्ही नको. शुद्धीवर असल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडा.

---

माणदेशी_गडी

मी थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. बहीण आपणहून देतेय. तिच्या मनात असेल की बाग एकसंध राहावी, बापाने लावलेली आहे, तुकडे नकोत. तुम्ही 'नको नको' म्हणून मोठेपणा घेणार आणि तिचं ऐकणार कुणीच नाही? आजारी माणसाचं काही चालत नाही हो घरात. मीठ चालत नाही, सही पण चालू नये? निदान तिला काय पाहिजे ते पूर्ण विचारा, मग नाही म्हणा. बागेचा ऑक्टोबर छाटणीचा खर्च कोण करणार हे पण तुम्हालाच ठरवायचंय ना.

---

आरोग्यधन

केमोने कॅन्सर पसरतो. आमच्याकडे एक अर्क आहे, स्टेज चार बरे झालेत, मेसेज करा.

> व्यवस्थापक: हा सदस्य बंद केला आहे. इतरांनी उत्तर देऊ नये.

---

लॅबमधली_मीरा

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. अवेळी वाटेल.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए-१ आणि २ या जनुकांची (यांतला दोष घराण्यात उतरतो आणि कॅन्सरचा धोका वाढवतो) तपासणी झालीय का, फाइल बघा. बऱ्याचदा सुरुवातीलाच करतात. झाली नसेल तर करून घ्या, आणि तिच्याच रक्तावर करा. आधी आजार झालेल्या माणसात दोष सापडला तर बाकीच्यांचं सोपं होतं, नेमकं तेवढंच शोधायचं असतं. ती नसताना तुमचं किंवा भाचीचं तपासलं आणि काही मिळालं नाही, तर त्याचा अर्थ अर्धवटच लागतो. दोष असेल तर तिच्या प्रत्येक मुलाकडे, आणि तुमच्याकडेही, तो येण्याची शक्यता निम्मी. पुरुषाकडेही येतो आणि पुढे मुलीकडे जातो. तुम्हाला मुलगी आहे का माहीत नाही.

रक्ताची एक नळी पुरते. आधी समुपदेशकाशी बोला, मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत असतात. भाची १८ ची नसेल तर तिची घाई नाही, पण आक्काचं रक्त आत्ताच घ्यावं लागेल.

आणि तुम्ही. शनिवारी रात्री गाडी, रविवारी बहीण, सोमवारी शिफ्ट. झोप लागत नसेल, कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात.

---

बागेतला_धाकटा

सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन आलो, जे झालं ते लिहितो.

आधी दाजींना गाठलं, गच्चीवर कपडे वाळत घालत होते. त्यांच्या थोरल्या भावालाही वर बोलावलं आणि दोघांसमोर म्हटलं, मला सही नको, आज नको नि नंतर नको, आक्काचा हिस्सा पोरांचा, बाग मी बघीन आणि हिशेब दर बेदाण्याला देईन. थोरले 'आम्ही कुठं काय म्हणलं' म्हणून खाली गेले. दाजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने खाली आले आणि दवाखान्याच्या बिलांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "हे बघ की जरा. योजनेतनं किती झालं, किती राहिलं, मला काय लागंना." संध्याकाळपर्यंत तेच लावत बसलो. खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या घरात मला जागा आहे असं वाटलं.

आक्काला मी सरळ सांगितलं, कागद आणला नाही, आणणार नाही. माणदेशी, तुमचं ऐकून विचारलं की तुझ्या मनात काय आहे. म्हणाली, "बाग तोडू नका एवढंच. आबांनी पाणी खांद्यावर वाहिलंय." मी म्हटलं तोडत नाही. मग म्हणाली, "चुलत्याला सांग मी सही केली म्हणून. गप बसंल." आणि हसली. हसल्यावर पोट दुखतं तिचं, तरी हसली.

सिस्टर, तुमचं वाक्य वापरलं. तिने विचारलं, आत डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, तुला काय वाटतंय? बराच वेळ गेला. मग म्हणाली, "दिवाळीचं साहित्य मी भरणार न्हाई, असं वाटतंय." मी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही, नुसता हात धरला. त्यानंतर तिने कामं सांगितली. भाचीचं सेकंड इयर काही झालं तरी मोडायचं नाही. भाच्याला मोटारसायकल घेऊन द्यायची नाही. दोन पाटल्या भाचीला, त्याचा कागद करूया, वकीलसाहेब. रक्ताचंही बोललो. भाचीसाठी आहे म्हटल्यावर तिनेच दाजींना हाक मारली, "उद्या लॅबवाल्याला बोलवा."

पण शेवटी मला म्हणते, "ह्यांना बोलू नगंस मला कळलंय म्हणून. त्यांचा जीव न्हाई निभायचा."

म्हणजे आता दाजी तिच्यापासून लपवतायत, ती दाजींपासून, आणि दोघांचं माझ्याकडे. याचं काय करू?

रथाचं दाजी 'हो' म्हणाले. सिस्टर, गाडीतून कसं न्यायचं तेवढं सांगा.

---

सातारचा_जावई

तुमच्या धाग्यात दाजींच्या बाजूचं कुणी नाही, म्हणून बोलतो. बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही लपवलं होतं. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येताना चेहरा पुसून यायचो. ते तिच्यासाठी नव्हतं. तिच्यासमोर तो शब्द उच्चारला की मला त्या घरात उभं राहता येणार नाही, असं वाटायचं.

माझ्या मेहुण्याने मला उपदेश केला नाही. शुक्रवारी रात्री आला आणि म्हणाला, "आज रात्री मी तिच्याजवळ बसतो, तुम्ही झोपा." सकाळी नऊला उठलो मी, कितीतरी दिवसांनी. मग चहा पिताना म्हणाला, "ती रात्री तुमचं बोलत होती, तुम्ही एकटे कसं करणार म्हणून." बस, एवढंच. तिने त्याला काय शपथ घातली होती ती त्याने मोडली नाही, पण मला कळायचं ते कळलं. त्या दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

तुम्ही त्यांचा निरोप्या होऊ नका. दाजींना झोपू द्या आणि मग दोघांना खोलीत सोडून पोरांना घेऊन बाहेर जा. बाजारात जा, काहीही करा. सासूबाईंना पण घेऊन जा, ते जास्त महत्त्वाचं.

---

निवृत्त_सिस्टर

जावयांनी सांगितलंय त्यात मला भर घालायची नाही.

गाडीचं लिहून घे. पोटातलं पाणी निघायच्या आदल्या दिवशी काढून घ्यायचं, त्याच दिवशी नको, दमते. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून पाठ अर्धवट बसती ठेव, आडवं झोपवलंस तर धाप लागेल. गुडघ्यांखाली उशी. पट्टा पोटावरून जाऊ देऊ नकोस, मधे घडी घातलेली दुलई ठेव. दुखण्याची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि एक जादा डोस खिशात, वाटेत केव्हा द्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घे. उलटीसाठी पिशवी, ओला रुमाल, मोठं डायपर. लाज वाटेल तिला, भाचीला बरोबर घे.

रथाच्या दिवशी सकाळी निघू नकोस, रस्ते बंद असतात. आदल्या दिवशी ने, आईजवळ मुक्काम करू दे. रथ ओढायच्या दोरीच्या गर्दीत अजिबात नको. रस्त्याकडेला ओळखीच्या कुणाचा ओटा असेल, जिना नसलेला, तो आत्ताच सांगून ठेव. डॉक्टरांकडून एका कागदावर आजार, चालू औषधं आणि 'रात्री त्रास झाला तर काय करायचं' हे लिहून घे आणि गाडीत समोर ठेव. रात्री घाबरून कुणी तिला अतिदक्षता विभागात टाकू नये, हेही दाजींशी आधी बोलून घे. त्या दिवशी सकाळी तिने 'नको' म्हटलं तर नेऊ नकोस.

आणि पाटल्यांच्या कागदाला साक्षीला शेजारचे बघ, नणंद नको.